दुपारी बंद पडणारा डबा

"बऱ्हाटे! अहो बऱ्हाटे! आहात का?"

मी कूलरसमोर आडवा झालो होतो. कानातलं मशीन काढून उशाशी ठेवलं होतं, त्यामुळे हाक ऐकू आली नाही. दाराला बसणारे हादरे कॉटपर्यंत पोचले तेव्हा जाग आली. लुंगी सावरत जाऊन दार उघडलं. बाहेर सपकाळे उभा. डोक्यावर ओला पंचा, हातात छत्री, आणि आता दार उघडो न उघडो, आपली दोन्हीला तयारी आहे असा चेहरा.

"आहे," मी म्हटलं.

"जिवंत?"

"दिसतोय तर."

"मग तसं पोरीला कळवत जा ना भाऊ. माझ्याच्यानं हे रोज होत नाही. ऊन बघा काय पडलंय!" असं म्हणत तो आत आला, खुर्चीत बसला आणि त्यानं मोबाइल कानाला लावला. "हां हर्षला, आहेत तुझे वडील. उभे आहेत. हो, स्वतःच्या पायांवर. नाही, चेहरा नेहमीसारखाच आहे, तो काही सुधारलेला नाही. ठेवू?"

सपकाळे माझ्या समोरच्याच घरात राहतो. रेल्वेत तो टीसी होता, मी सिग्नल खात्यात इन्स्पेक्टर. दोघांनी भुसावळातच नोकरी काढली आणि इथेच घरं बांधली. गाढ झोपलेल्या माणसाला हलवून तिकीट विचारण्यात त्याचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे मला उठवताना त्याला कसलाही संकोच वाटत नसे. फक्त उन्हाचा राग येई, आणि तो राग तो माझ्यावर काढी.

हे सगळं त्या डब्यामुळे चाललं होतं.

माझी बायको कुमुद श्रावणात गेली. मी पेन्शनरांच्या सभेला गेलो होतो, संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती गेलेली होती. दिवाळीला हर्षला पुण्याहून आली ती एक पिशवी घेऊन. आमची ही एकच मुलगी, कॉम्प्युटरमधली. पिशवीत काड्यापेटीएवढ्या पांढऱ्या डब्या होत्या. तिनं एक डबी स्वयंपाकघरात चिकटवली, एक झोपायच्या खोलीत, एक पुढच्या दाराला आणि एक, सांगायला लाज वाटते, संडासाच्या दाराला. दार उघडलं, माणूस हलला, की डबी ते टिपणार. सगळ्या डब्यांनी टिपलेलं दिवाणखान्यातल्या एका मोठ्या काळ्या डब्यात जमा होणार. त्या डब्याला ती सर्व्हर म्हणे, मी डबा म्हणे. डबा ते सगळं लिहून ठेवी आणि थोड्या थोड्या वेळानं तिच्या मोबाइलवर पाठवी. मी चहाला उठलो हे पुण्यात कळायचं, आणि चहा उतू गेला तेवढं फक्त माझ्यापुरतं राहायचं.

"एक तर माझ्याबरोबर चला," ती म्हणाली होती, "नाहीतर हे राहू द्या."

"राहू दे."

"आणि हे नीट चाललं पाहिजे, नाना. नाही चाललं तर आखाजीला येईन ना, तेव्हा तुमची बॅग भरूनच नेईन. मग कुरकुर चालणार नाही."

"नाही करणार."

मला पुण्याला जायचं नव्हतं. जावई चांगला आहे, पराग नाव, माझ्याशी अदबीनं बोलतो. पण त्यांचं घर चौदाव्या मजल्यावर. मोबाइलला रेंज हवी तर बाल्कनीत जाऊन उभं राहायचं, नाहीतर घरातल्या इंटरनेटवरून बोलायचं. मी एकदा राहून आलो होतो. दिवसभर लिफ्टचा आवाज ऐकला. इथे कानात मशीन नसलं तरी मालगाडी गेली की मला जमिनीतून कळतं. इथे अंगणात कुमुदनं लावलेला मोगरा आहे, तिच्या हातची बरणी फळीवर आहे, आणि तिचं नाव घेतलं तर ती कोण हे विचारणारा एकही माणूस या गल्लीत नाही. मला इथेच राहायचं होतं. ते सगळं आता त्या डब्यावर अवलंबून होतं.

थंडीभर डबा शहाण्यासारखा चालला. होळी झाली, ऊन तापायला लागलं आणि त्यानं रंग दाखवले. सकाळी ठीक, दुपारी जेवण झालं की बंद. पुण्याला काही पोचेना. काही पोचलं नाही की हर्षलाच्या मोबाइलवर भोंगा वाजायचा. मग ती मला फोन करायची. मी मशीन काढून झोपलेला. मग ती सपकाळेला फोन करायची. मग पंचा, छत्री, धडाधड.

"अहो, डबा बंद पडला तर बंद पडला," सपकाळे एकदा वैतागून म्हणाला. "लगेच माणूस गेला असं कशाला धरायचं?"

"तसंच धरायचं असतं."

"म्हणजे?"

"सिग्नलचा दिवा विझलेला दिसला तर ड्रायव्हरनं काय समजायचं? हिरवा?"

"ते सिग्नलचं झालं."

"दिवा दिसला नाही म्हणजे लाल. गाडी उभी करायची. पोरीनं बरोबर केलंय."

"मग तुमच्या पोरीनं बरोबर करायचं आणि मी उन्हात मरायचं. वा रे न्याय!" असं म्हणून त्यानं माठातलं पाणी पिऊन घेतलं.

मुलीचं चुकत नव्हतं, चुकत होता डबा. आणि बिघाड शोधणं ही तर माझी नोकरीच होती. मी कंबर कसली. आधी वाटलं, कूलर सुरू झाला की विजेचा दाब उतरत असेल. म्हणून डब्याला मीटरपासून वेगळी वायर ओढली. भिंतीला नवी पट्टी ठोकली, फार सुबक झाली. दुपारी डबा बंद. मग प्लग बदलला. मग अर्थिंग तपासलं, अंगणात खड्ड्यात मीठ-पाणी ओतलं. सपकाळेनं खड्डा बघून विचारलं, कोणाला पुरताय? डबा बंदच.

सपकाळेचं स्वतःचं मत असं की त्यात पाल शिरली असणार. ते पटेना म्हटल्यावर त्यानं दुसरं मत दिलं.

"भुसावळात दुपारी कोण काम करतं? कलेक्टर आला तरी झोपेल. डब्यालाही झोप येत असेल."

"यंत्राला झोप येत नाही."

"मग तुम्ही शोधा कारण. मी सांगितलेलं तुम्हाला कधी पटलंय?"

हर्षला तिकडून हैराण. तिनं लांबूनच डब्यातलं सगळं पुसून नव्यानं भरलं. कुरिअरनं एक नखाएवढं कार्ड पाठवलं, ते मी चिमट्यानं बसवलं. पुढे वीजपुरवठ्याचा नवा ठोकळा आला, तोही लावला. दुपारी बंद. मी जाऊन बटण दाबलं की सुरू. संध्याकाळ ते सकाळ एकदम सरळ.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे डबा माझ्यासमोर कधी बंद पडत नसे. मी तपासायला बसलो की तासभर बसलो तरी हूं की चूं नाही. पाठ फिरवून झोपायला गेलो की संपला. हर्षला व्हिडिओ कॉल करायची.

"नाना, मोबाइल डब्यासमोर धरा. असा नाही, तुमचं नाक दिसतंय."

मी आधी जाऊन डबा नीट करायचो. वरचं कव्हर काढायचं, घडी घालायची, बाजूला ठेवायचं, डबा पुसायचा, मग मोबाइल धरायचा. मुलीला दाखवायचं म्हणजे व्यवस्थित दाखवायला नको?

"दिवा कोणता?"

"हिरवा. स्थिर."

"लुकलुकत नाही?"

"सिग्नल खात्यातल्या माणसाला विचारतेस, लुकलुकतो का म्हणून? स्थिर आहे म्हटलं ना."

"मग आता कसा चालतोय?"

"तू बघतेस म्हणून."

ती हसली नाही. आधी हसायची. कुमुद गेल्यापासून ती फोनवर माझं बोलणं ऐकण्याऐवजी माझा श्वास ऐकते आहे असं मला वाटायचं. "नाना," ती म्हणाली, "आखाजी जवळ आलीय. असंच चाललं तर मी ऐकणार नाही हां."

"त्याच्या आत लावतो छडा," मी म्हटलं, आणि हाती तर काहीच लागलं नव्हतं.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. हर्षला आदल्या रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी आली. एकटीच. हातात एक मोठी बॅग. मी स्टेशनवर ती उचलायला गेलो तर एका बोटानं उचलली गेली. रिकामी होती. माझे कपडे भरायला आणलेली.

घरी आल्यावर ती डब्याकडे गेलीच नाही. आधी आंघोळ केली. कुंभाराकडून आणलेली घागर धुतली, पाण्यानं भरली, गळ्याला दोरा बांधला, वर खरबूज ठेवलं. शेजारी दोन आंबे आणि सांजोऱ्या. सांजोऱ्या तिनं स्वतः तळल्या, दोन फुटल्या. "आईची एकही फुटायची नाही," ती म्हणाली. खोटं होतं, कुमुदच्याही फुटायच्या, ती फुटलेल्या आधी मला द्यायची. पण मी मान डोलावली. दोघांनी हात जोडले. आम्ही दोघंही रडलो नाही, आणि रडलो नाही म्हणून एकमेकांकडे बघितलंही नाही.

जेवणात पुरणपोळी, आमरस, कुरडया. असं जेवण झाल्यावर माणसाला उभं राहता येत नाही. मी आत जाऊन कूलर लावला आणि मशीन काढून उशाशी ठेवलं. हर्षला दिवाणखान्यात सोफ्यावर पडली होती.

माझा डोळा लागतो न लागतो तोच तिनं येऊन मला हलवलं. मशीन कानात घातलं तेव्हा तिच्या मोबाइलचा भोंगा वाजतच होता.

"बंद पडला," ती म्हणाली. "मी तिथेच होते नाना. माझ्या डोळ्यांसमोर बंद पडला. बाहेर या."

गेलो. ती डब्यासमोर उभी. बोट दाखवून म्हणाली, "हे काय आहे?"

"डबा."

"डब्यावर काय आहे?"

"कव्हर."

आता हे कव्हर काय, ते सांगायला हवं. कुमुदच्या घरात उघडं यंत्र चालत नसे. फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, टीव्हीला झालरीचं कव्हर, शिलाई मशीनला तर उन्हाळ्याचं वेगळं आणि पावसाळ्याचं वेगळं. सगळी तिनं स्वतः शिवलेली, भरतकाम केलेली. डब्यावर होतं ते जाड मांजरपाटाचं, आतून अस्तर लावलेलं, वर हिरव्या रेशमाचा राघू. राघूची चोच लाल.

"कधीपासून घालताय हे?"

"दिवाळीपासून. तू गेलीस त्याच दिवशी घातलं. उघडा बरा दिसत नव्हता. आणि आपल्याकडे धूळ किती, तुला माहीत आहे."

"मला व्हिडिओत कधी दिसलं नाही."

"दाखवताना काढायचो ना. झाकलेलं यंत्र कसं दाखवणार?"

तिनं कव्हर उचललं. आतून झळ आली. मी डब्याला हात लावला आणि पटकन काढून घेतला, तव्यावरची भाकरी उलटताना काढतो तसा. बाहेर भुसावळचं ऊन, कूलर आतल्या खोलीत, आणि या बिचाऱ्याला अस्तरासकट अंगरखा. मी तपासायला बसायचो तेव्हा आधी कव्हर काढायचो, म्हणून तो थंड होऊन चालायचा. झोपायला जाताना मीच पुन्हा घालायचो, नीट, चारी कोपरे ओढून. वेगळी वायर, अर्थिंगचा खड्डा, भिंतीवरची सुबक पट्टी, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी खुर्चीवर बसलो आणि ती काय बोलते त्याची वाट बघत राहिलो.

ती कव्हर हातात घेऊन उलटसुलट करत होती.

"नाना, हे टेलिफोनचं ना?"

"हो. टेलिफोन काढून टाकल्यावर हे रिकामंच पडून होतं. डब्याला बरोबर बसलं. जागाही तीच, टेलिफोनची."

ती सोफ्यावर बसली. राघूवरून अंगठा फिरवत राहिली. मी डब्याचं बटण दाबून आलो, तरी ती तशीच.

"मी त्या दिवशी फोन केला होता," ती म्हणाली.

"कोणत्या दिवशी?"

ती राघूकडे बघत राहिली. मग मला कळलं कोणत्या दिवशी.

"जेवणाच्या सुट्टीत. रोज करायचे तसा. याच फोनवर. वाजत राहिला. परत केला. परत वाजत राहिला. म्हटलं, पाऊस पडतोय, झोपली असेल. मग माझी मीटिंग होती. मी मीटिंगला जाऊन बसले नाना. हसत होते मी त्या मीटिंगमध्ये, मला आठवतंय. संध्याकाळी तुमचा फोन आला."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. परागलाही सांगितलं नव्हतं, नंतर कळलं.

"तुम्ही मला लहानपणी सिग्नलच्या केबिनमध्ये न्यायचात. तेव्हा सांगायचात, दिवा दिसला नाही तर हिरवा समजायचा नाही. रोज सांगायचात. मला पाठ होतं ते." तिचा आवाज फाटला. "मी हिरवा समजले."

दिवाळीपासून मी या पोरीची गंमत करत होतो. संडासाच्या दारावर पहारा बसवलाय म्हणून सपकाळेला सांगून हसत होतो. ती तिकडे रोज दुपारी एकच फोन लावत होती आणि तो उचलला जाण्याची वाट बघत होती. हे मला आधी कळायला हवं होतं असं वाटून मला स्वतःचा फार राग आला.

"हर्षू," मी म्हटलं, "डॉक्टर मला तेव्हाच म्हणाले होते. मी घरात शेजारी बसलेलो असतो तरी काही करता आलं नसतं. क्षणात गेली. तुझा फोन वाजला तेव्हा ती नव्हतीच."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. मी त्यांना विचारलंच नव्हतं.

"खरंच?"

"खरंच. आणि असती तरी काय? तुझी आई फोन कसा उचलायची आठवतंय ना? आधी कव्हर काढायची, मग घडी घालायची, मग घडी कुठे ठेवू ते बघायची. तोवर समोरचा माणूस कंटाळून फोन ठेवायचा. लोक म्हणायचे, बऱ्हाटेंचा फोन कायम बिघडलेला."

ती रडता रडता हसली. मग नुसतीच रडली. मी जाऊन तिच्याशेजारी बसलो. ती लहान असताना करायचो तसा तिच्या पाठीवर हात ठेवला आणि कूलरचा आवाज ऐकत बसलो.

त्या दुपारी डबा बंद पडला नाही. उघडा, बोडका, हिरवा दिवा लावून सुखानं चालत होता. भोंगा वाजला नाही. तरी सपकाळे आलाच. पंचा, छत्री.

"आज फोन आला नाही," दारातूनच तो म्हणाला. "म्हणून म्हटलं बघून यावं."

"बिघाड सापडला. आता नाही बंद पडणार."

"काय होतं?"

मी हर्षलाकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. "झोप येत होती त्याला," ती म्हणाली.

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं!" सपकाळेनं छत्री मिटली. "पण यांना पटेल तर ना. आता मी कशाला आलो मग? रस आहे का शिल्लक?"

होता. त्यानं दोन वाट्या घेतल्या.

संध्याकाळी मी अंगणात पाणी मारलं. हर्षला पायरीवर बसली होती. मी विषय काढला. "ठरल्याप्रमाणे डबा चालतोय. मग बॅग रिकामीच ने."

"डबा चालेल हो नाना. पण मला ठाऊक आहे, मी बघतच बसणार. मीटिंगमध्ये बसून मी तुम्ही पाणी प्यायला उठलात का ते बघते. नाही उठलात तर मला घाम फुटतो. तुम्ही चला ना माझ्याबरोबर. माझ्यासाठी चला."

माझ्यासाठी, असं ती म्हणाली तेव्हा मी पहिल्यांदा डगमगलो. पाण्याचा पाइप हातात तसाच राहिला, मोगऱ्याच्या आळ्यात तळं झालं.

"आमच्याकडे गेटमन असतो," मी म्हटलं. "फाटक बंद केलं की तो स्टेशन मास्तरला फोन करतो. नुसतं 'बंद केलं' म्हणून चालत नाही. एक आकडा सांगावा लागतो, प्रायव्हेट नंबर म्हणतात त्याला. मास्तर तो लिहून घेतो. आकडा मिळाला म्हणजे पलीकडे माणूस आहे, जागा आहे, आणि शुद्धीवर आहे. आकडा नाही तर सिग्नल नाही. मग गाडीत कोणीही बसलेला असो."

"मग?"

"तू आईला फोन करायचीस ना जेवणाच्या सुट्टीत? तेव्हा मला कर. मी तुला एक आकडा सांगेन, तू मला एक सांग. कालचा चालणार नाही. आकडा मिळाला की तू आपल्या कामाला लाग, दिवसभर डब्याकडे बघायचं नाही. नाही मिळाला तर सपकाळेला उन्हात पळव, माझी काही तक्रार नाही."

"आणि मी पण आकडा द्यायचा? मला काय झालंय?"

"फाटक दोन्ही बाजूंनी असतं."

"झोपायच्या आधी घ्यायचा," ती म्हणाली. "मशीन कानातून काढायच्या आधी."

"आधी."

दुसऱ्या दिवशी मी तिला स्टेशनवर सोडलं तेव्हा बॅग मला उचलवेना. कुरडया, पापड, लोणचं, अंगणातल्या लिंबांची अर्धी गोणी. सगळं तिनंच भरलं होतं. घरी येऊन बघतो तर राघूचं कव्हर जागेवर नव्हतं. शिलाई मशीनवर बघितलं, कपाटात बघितलं. मग लक्षात आलं. फोनवर विचारलं नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. डबा अजून चालतो, उघडाच. मी रोज धूळ पुसतो. प्रायव्हेट नंबर मात्र एक दिवस चुकला नाही. तिच्या परदेशच्या प्रवासातही नाही, मला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेलं त्या दिवशीही नाही.

चुकला तो गेल्या मे महिन्यात, एका रविवारी. जेवून मी मोबाइल समोर ठेवून बसलो. फोन आला नाही. मी लावला, लागला नाही. परागचा लावला, त्याचाही नाही. दोघं घरीच होते, रविवार म्हणजे घरीच. सपकाळे समोर पेपर वाचत होता. आता त्याला दाराची पायरीही जड जाते, पण सवयीनं येतो.

"झोपली असेल हो," तो म्हणाला. "सुट्टी आहे."

"नाही."

"अहो, एक दिवस..."

"आकडा नाही आला, सपकाळे."

हर्षलाच्या सोसायटीच्या फाटकावरच्या चौकीतल्या मोबाइलचा नंबर मी पहिल्या वर्षीच लिहून घेतला होता. तिथला रखवालदार परभणीकडचा, भला माणूस. त्याला म्हटलं, बाबा, असशील तसा वर जा, दार वाजव, मोबाइल चालूच ठेव. तो म्हणाला, काका, चौदावा मजला, लिफ्टला गर्दी आहे. मी म्हटलं, मग जिन्यानं जा. माझा आवाज ऐकून तो निघालाच. मला लिफ्टचा आवाज ऐकू आला, तोच तो. मग बेल. मग पुन्हा बेल. सपकाळेनं पेपर खाली ठेवला होता.

दार उघडल्याचा आवाज आला.

"नाना?" तिचाच आवाज. "काय झालं? तुम्ही बरे आहात ना?"

मी आधी पाणी प्यायलो.

"माझं राहू दे. आकडा?"

"अहो, इंटरनेट बंद पडलंय इथे. दुपारपासून. घरात आमच्या मोबाइलना रेंज नाही, तुम्हाला माहीत आहे. मी बाल्कनीतून करणारच होते, पराग म्हणाला, आत्ता सुरू होईल, थांब. आणि तुम्ही माणूस पाठवला वर! मी पिठाच्या हातांनी दार उघडलंय."

"रोज बंद पडतं का?"

"दोन-तीन दिवस झाले, नवं कनेक्शन घेतल्यापासून. दुपारीच पडतं. कंपनीचा माणूस येऊन सगळं बदलून गेला. तो बघायला आला की चालतं."

मी सपकाळेकडे बघितलं. मग तिला म्हटलं, "हर्षू, त्या इंटरनेटच्या डब्याला हात लाव."

पावलं वाजली. रखवालदार हळूच खाकरला.

"गरम आहे," ती म्हणाली.

"काय घातलंयस त्याच्यावर?"

पलीकडून कापड ओढल्याचा आवाज आला.

"उघडा बरा दिसत नव्हता, नाना," ती म्हणाली.

"बरं. आकडा सांग."

"एकाहत्तर."

"माझा अठ्ठावीस."

मी मोबाइल खाली ठेवला. कानातलं मशीन काढायला हात गेला, पण काढलं नाही.

"काय हो?" सपकाळेनं विचारलं. "आहे ना पोरगी?"

"आहे," मी म्हटलं.